पाचवीची भिंत

पाचवीचा वर्ग आणि ग्रंथालय
यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत, एवढंच.
नारीनच्या वरच्या अंगाला, या गावात बदली होऊन आले
तेव्हा मला वाटलं, काय ही गैरसोय.
पलीकडे कुणी खोकलं
की इकडे नदीचा उगम अडतो.

पलीकडे बुरुल्सुन-एजे.
सप्टेंबरात ती पाठ्यपुस्तकं भाड्यानं देते.
प्रत्येकाच्या मलपृष्ठाआड नावं, एकाखाली एक:
चुलत्याचं, मग चुलतीच्या धाकट्या बहिणीचं,
मग आत्ता ज्याच्या हातात आहे त्याचं.
डिंक, जाड दोरा, वर्तमानपत्राची पट्टी.
मी मनात म्हटलं, गोदाम सांभाळणारी बाई.

ऑक्टोबरात हिमनदी शिकवायला घेतली.
हिमनदी म्हणजे सरकणारा बर्फ.
मागच्या बाकावरून उलारबेक म्हणाला,
"सरकतो कसा? पाय आहेत त्याला?"
वर्ग खिदळला.
मी व्याख्या पुन्हा वाचली, जरा मोठ्यानं.
मोठ्यानं वाचलं की कळतं
असा तेव्हा माझा समज होता.

दार वाजलं.
पहिलीतली एक पोर, नाक वाहतंय,
दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं पुस्तक.
"एजेनं दिलंय." आणि पळाली.
पान एकतीसला लोकरीचा धागा.
एकाच धोंड्याचे दोन फोटो, मध्ये वीस वर्षं,
आणि धोंडा होता तिथे नव्हता.
रशियन ओळींखाली कागदाची चिटोरी चिकटवलेली,
किरगिझमध्ये अर्थ, बारीक गोल अक्षरात.

उलारबेक पुढे आला. बोटानं अंतर मोजलं.
"आमचा लंगडा घोडासुद्धा याच्यापेक्षा लवकर पोचतो."
असं म्हणाला,
आणि पुस्तक परत द्यायला विसरला.

खरं सांगते, मला राग आला.
माझा तास कुणीतरी चोरून ऐकत होतं.
मधल्या सुट्टीत तरातरा गेले.
ती चुलीपाशी डिंक कोमट करत होती.
"ऐकत नाही मी," म्हणाली,
"पण तुम्ही अडलात की तुमचा आवाज चढतो.
मग मी उठते."

त्यानंतर दर शुक्रवारी
पुढच्या आठवड्याचे धडे तिच्या टेबलावर ठेवू लागले.
ती कधी मान हलवते, कधी नाही.
"ज्वालामुखी गुरुवारी नको, सातवीवाले घेऊन गेलेत."
"ऐझिरेकला नकाशे द्या, गोष्टी नकोत."
एक मुलगा प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं वाचतो.
मी म्हटलं, रागवा की त्याला.
"कशाला? सुरुवात काय होती
हे विचारायला तो परत येतोच."

जूनमध्ये शाळा रिकामी होते.
मेंढ्यांबरोबर अर्धी मुलं वर, जैलूवर,
उन्हाळी कुरणांत, तीन महिने.
प्रत्येकाच्या पिठाच्या पोत्यात एजे पुस्तकं खुपसते.
रजिस्टरात तारीख नाही, दंड नाही.
"वर" एवढाच एक शब्द.

सप्टेंबरात पुस्तकं उतरतात.
धुराचा वास, चरबीचे डाग,
एकाचं पान चूल पेटवायला गेलेलं
(त्या पोराला तिनं आठवडाभर डिंकाच्या कामाला लावलं),
कशात मेंढीचा केस, कशात चपटा झालेला नाकतोडा.

उलारबेकनं हिमनदी आणून टेबलावर ठेवली
आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.
पान एकतीस. समासात पेन्सिल:
"बर्फावर दगड ठेवला, लाल चिंधी बांधून.
आलो तेव्हा काळ्या कड्याच्या रेषेत. निघालो तेव्हा
चार पावलं खाली.
माझी पावलं, बाबांची नाहीत."

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायला सक्त मनाई आहे,
दारावर पाटीच आहे, तिच्याच अक्षरात.
एजेनं खोडरबर काढला.
शेजारी कुणीतरी कोंबडी काढली होती, ती पुसली.
खोडरबर खणात टाकला.

यंदाची पाचवी नवी.
हिमनदी म्हणजे सरकणारा बर्फ, मी म्हटलं.
चेहरे कोरे.
पुन्हा म्हटलं, मुद्दाम,
भिंतीकडे तोंड करून, आवाज चढवून.

पलीकडे खुर्ची सरकली.